दुखतंय खरं, पण मोडलंय काय?

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्याबाहेर अर्धा तास बसलं की 'मणक्यात गॅप आलाय', 'चकती सरकलीय', 'नस दबलीय', 'झीज झालीय म्हणे' ही वाक्यं कानावर पडतातच. मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी, कंबरेला पट्टा आणि चेहऱ्यावर आता आपलं काही खरं नाही असा भाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यांतल्या पुष्कळांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. तीन महिने उलटले तरी जी जात नाही ती जुनाट. हा लेख तिच्याविषयी आहे.

श्वास, बसण्याउठण्याची ढब आणि शरीराकडे लक्ष देण्याचा सराव यांनी असं दुखणं बरं होतं का? यावर मी वर्षानुवर्षं दोन बाजूंनी जे ऐकत आले ते दोघांच्या तोंडी घातलं आहे. मावशी नाशिकची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. भाचा पुण्यात हाडांचा डॉक्टर. पात्रं रचलेली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे अभ्यास, सालं आणि आकडे मात्र खरे आहेत. मला जे वाटतं ते मी मध्ये मध्ये सांगेन.

भाचा: मावशी, तू विळीवर बसलीस? तुला खाली बसायला बंदी होती ना?

मावशी: होती. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, मांडी घालायची नाही, दिवसभर पट्टा. सगळं निमूटपणे पाळलं मी. जेवायला खुर्ची, देवासमोर खुर्ची, भाजी चिरायला ओटा. आणि कंबर दिवसेंदिवस जास्तच धरायला लागली. शेवटी तर पलंगावर कूस बदलायचीही धडकी भरायची.

भाचा: आणि ते योगाच्या क्लासने गेलं, असं तुझं म्हणणं.

मावशी: सगळं नाही गेलं. लग्नाकार्यात फार उभं राहिलं की अजून कुरकुरते. पण आता त्या कुरकुरीला मी घाबरत नाही. नारळ खवते, नातवाला कडेवर घेते, पंचवटीपर्यंत पायी जाऊन येते.

भाचा: मला याचा आनंदच आहे. पण तुझ्या एकटीच्या अनुभवावर मी पेशंटला सल्ला देऊ शकत नाही. माणूस नवा उपाय कधी करतो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. टोकाला गेलेलं दुखणं त्यानंतर थोडं उतरतंच, उपाय करा किंवा नका करू. मग त्या वेळी जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. कुणी तेल चोळलेलं असतं, कुणी लोहचुंबकाचा पट्टा बांधलेला असतो, कुणी श्वास मोजलेले असतात.

मावशी: तेलंही झाली होती माझी. ट्रॅक्शन झालं, शेक झाला, विजेचे सौम्य झटके देणारं ते आयएफटी झालं. तेव्हा का नाही उतरलं मग?

भाचा: म्हणूनच तर तुलना करून बघावी लागते. योगाची तशी तुलना झालेली आहे. कोक्रेन या संस्थेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीवरच्या योगाच्या १२ चाचण्या एकत्र तपासल्या. एकूण १०८० माणसं. व्यायाम न करणाऱ्यांच्या मानाने योग करणाऱ्यांचं रोजचं हालणं-चालणं तीन आणि सहा महिन्यांनी सुधारलेलं दिसलं, पण फरक लहान ते मध्यम. पाठीच्या इतर व्यायामांपेक्षा योग सरस, असं काही ठरवता आलं नाही. आणि योगाने कंबर जास्त दुखली असं सांगणारेही काही त्यात होते.

मावशी: लहान फरक म्हणतोस. तुझ्या गोळ्यांचा किती मोठा असतो?

भाचा: तोही लहानच. नुकत्याच धरलेल्या कंबरेला पॅरासिटॅमॉलने नुसत्या नावाच्या गोळीपेक्षा लवकर आराम पडत नाही, हे २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या थोडं काम करतात, पण पोट आणि मूत्रपिंड सांभाळून. पट्टा आणि ट्रॅक्शन म्हणशील, तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हे दोन्ही नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असंच म्हटलंय.

मावशी: मग भर उन्हाळ्यात घामोळं येईपर्यंत मी तो पट्टा बांधून वावरले, ते कशासाठी?

भाचा: तेव्हा सगळेच द्यायचे. अजूनही देतात.

मावशीने कपाटातून रिपोर्ट काढून भाच्यासमोर ठेवला. एल-चार, एल-पाचची चकती फुगलेली, पाणी कमी झालेलं, मणक्यांच्या कडांना वाढ. रिपोर्टच्या या भागाशी मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते जुनाट कंबरदुखीची अर्धी गोष्ट याच कागदापासून सुरू होते.

भाचा: रिपोर्टात लिहिलंय ते खोटं नाही. पण १९९४ साली अमेरिकेत ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ६४ टक्के लोकांच्या चकतीत काही ना काही दोष निघाला. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची बेरीज केली, तेव्हा कसलंही दुखणं नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली. ऐंशीच्या घरात ९६ टक्के. चकती फुगणं विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के.

मावशी: म्हणजे केस पिकावेत तसं?

भाचा: बऱ्याच अंशी. आणि उलटही असतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. गंभीर जखमी सैनिकांना तो विचारायचा, दुखण्यावर औषध हवंय का. चारांतल्या तिघांनी नको म्हटलं. हे त्याने १९४६ साली लिहून ठेवलं. जखम मोठी म्हणजे वेदना मोठी, असा सरळ हिशेब शरीरात नाही.

मावशी: हे मला त्या दिवशी कुणी का नाही सांगितलं? मला सांगितलं, 'बाई, तुमचा मणका म्हातारा झालाय, जपा, नाहीतर पाय जातील.' घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहिले आणि आपण आतून मोडलोय असंच मला वाटायला लागलं. त्यानंतर जे जपणं सुरू झालं, त्यात मी वाकणंच विसरले.

भाचा यावर काही बोलला नाही. ओपीडीत एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात हे कारण खरं आहे. पण 'पाय जातील' हे सांगायलाही त्याच पाच मिनिटांतला वेळ लागतो. तपासणीत धोक्याचं काही नसताना असं बोलणं हीच एक इजा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वाकायची भीती बसली की माणूस वाकत नाही. न वाकल्याने पाठ आखडते, आखडलेली पाठ दुखते आणि दुखली की भीती खरी वाटते. या चक्रावर वेदनेच्या शास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिलंय. मावशी ते वर्षानुवर्षं जगली होती.

भाचा: बरं, क्लासमध्ये नेमकं काय केलंत, ते सांग.

मावशी: पहिल्या दिवशी बाईंनी मला एकही आसन करू दिलं नाही. अय्यंगार पद्धतीच्या होत्या त्या. सतरंजीवर उताणं झोपवलं, दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायला लावल्या, डोक्याखाली चादरीची पातळ घडी. म्हणाल्या, 'श्वास बदलू नका. कुठपर्यंत जातो तेवढं बघा.' बघितलं तर तो गळ्याखालच्या हाडांपाशीच अडलेला. पोट आत ओढून धरलेलं, दात आवळलेले, अंगठे मुठीत. आडवी झाले होते तरी अंग सोडलंच नव्हतं मी. मग त्यांनी माझेच तळवे बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवायला सांगितले. 'श्वास सोडताना हाताखालची बरगडी आत येते का बघा. घाई नको.' बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका उच्छ्वासाला कंबरेचा मागचा भाग सतरंजीला टेकला. मी टेकवला नव्हता, आपला आपण टेकला. मला रडू आलं.

भाचा: रडू येणं समजू शकतो. श्वासपटल, म्हणजे डायफ्रॅम, नुसतं छातीच्या तळाशी ताणलेलं नसतं. त्याचे मागचे दोन पट्टे खाली उतरून कंबरेच्या वरच्या मणक्यांना चिकटलेले असतात. श्वास घेताना ते खाली येतं, पोटातला दाब वाढतो, आणि तो दाब कण्याला आधार देतो. म्हणजे श्वास आणि कंबर यांचा संबंध काव्यातला नाही, शरीररचनेतला आहे. शिवाय श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते. आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले आणि उच्छ्वास लांबवला, की मज्जासंस्थेचा निवांतपणाचा भाग जास्त काम करू लागतो.

मावशी: मग तू माझ्याच बाजूचा निघालास की!

भाचा: एवढ्यापुरताच. यावरून झिजलेली चकती भरून येते, असं कुणी म्हणू लागलं तर मी उठून जाईन.

मावशी: मी कधी म्हटलं तसं? बाईंनी घरचा अभ्यास काय दिला ते ऐक. दिवसभरात श्वास कधी रोखता ते टिपून ठेवा. मी टिपलं. नळाखालची बादली उचलायच्या आधी. साडीच्या निऱ्या खोचताना. चपलेत पाय घालताना. कूस बदलायच्या आधी. रिक्षातून उतरताना. जिथे जिथे दुखेल असं वाटायचं, तिथे तिथे श्वास आधीच थांबलेला असायचा. दुखायच्या आधी! मग त्यांनी सांगितलं, श्वास सोडत सोडत वाका. आधी रिकामी बादली. मग त्यात दोन तांबे पाणी. मग चार.

भाचा: ही बाई नुसती योगशिक्षिका नव्हती, तिला वेदनेचं शास्त्रही कळत होतं. कंबर दुखणारी माणसं हालचालीच्या आधीच पोट आणि पाठ दोन्हीकडचे स्नायू आवळतात. कण्याला वाचवण्यासाठी करतात, पण त्याने कण्यावरचा दाब उलट वाढतो. ते आवळणं सोडवणं आणि भीती वाटणारी हालचाल थोडी थोडी वाढवत नेणं, हा उपचार आम्हीही मानतो. फिजिओथेरपीत तो रोज चालतो.

मावशी: मग नावाचं भांडण उरलं फक्त.

भाचा: नाही, ढबीचं भांडण आहे. तुमचे योगवाले सांगतात, कणा सरळ ठेवा, पोक काढू नका, एका बाजूला झुकून बसू नका, म्हणून दुखतंय. मी पुराव्यात शोधलं. बसण्याची एकच बरोबर पद्धत असते आणि ती चुकली की कंबर दुखते, हे सिद्ध होत नाही. पोक काढून बसणारे न दुखता ऐंशी गाठतात, आणि ताठ बसणारे चाळिशीत माझ्याकडे येतात. २०१९ साली फिजिओथेरपीच्या एका नावाजलेल्या नियतकालिकात, 'ताठ बसा' हा सल्लाच आता फेरतपासायला हवा, असा लेख आला. उलट, सतत ताठ बसायचा प्रयत्न करणारी माणसं जास्त आवळून बसतात.

मावशी: हे मला पटत नाही. मी आयुष्यभर पोरांना 'ताठ बसा' म्हणत आले. आणि माझं स्वतःचं उभं राहणं बदललं तेव्हाच मला बरं वाटलं. फळ्यावर लिहिताना मी उजवा खांदा वर आणि कंबर पुढे ढकलून उभी राहायचे. बाईंनी भिंतीला पाठ लावून उभं केलं तेव्हा कळलं.

भाचा: बरं वाटलं हे मान्य. पण बरोबर ढब सापडली म्हणून वाटलं, की वर्षानुवर्षांची एकच ढब सुटली म्हणून? माझं म्हणणं दुसरं. एकाच जागी अडकलेल्या शरीराला आणखी पर्याय मिळाले.

मावशी: मग अलेक्झांडरचं काय सांगशील? बाई त्याची गोष्ट सांगायच्या.

भाचा: सांगायलाच हवी. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर, १८६९ सालचा, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातला. रंगमंचावर पाठांतराचे कार्यक्रम करायचा आणि बोलता बोलता आवाज बसायचा. डॉक्टरांना काही सापडेना. मग त्याने आरशांसमोर उभं राहून स्वतःला बोलताना पाहिलं. तोंड उघडण्याआधी तो डोकं मागे आणि खाली ओढायचा, श्वास ओढून घ्यायचा, हे त्याला दिसलं. पुढे १९०४ साली तो लंडनला गेला आणि शिकवायला लागला. त्याच्या पद्धतीची ब्रिटनमध्ये ५७९ कंबरदुखीच्या रुग्णांवर चाचणी झाली, २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. वर्षभराने बघितलं तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची कंबर चार आठवड्यांत साधारण २१ दिवस दुखत होती. अलेक्झांडरचे २४ धडे घेतलेल्यांची तीन दिवस.

मावशी: तीन! आणि तू म्हणतोस ढबीने काही होत नाही?

भाचा: त्या धड्यांत 'ताठ उभे राहा' असं शिकवत नाहीत. खुर्चीतून उठायच्या आधी आपण मान कशी आवळतो ते पकडायचं आणि ते न करता उठायचं, असं शिकवतात. बदलते ती सवय. म्हणून मी ढबीला नाही, लक्ष देण्याला गुण देतो.

इथे भाच्याचं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि मावशीचंही पूर्ण चूक नाही. भिंतीला पाठ टेकवली नसती तर आपला खांदा कुठे आहे हे तिला कळलं नसतं. ठरीव आकृतीचा हा उपयोग असतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, विटा, लोड, खुर्च्या वापरून जी पद्धत बसवली, तीत लोकांना आसनाचा नेमकेपणा दिसतो. लहानपणी मलेरिया, क्षय आणि टायफॉइडने खंगलेला हा मुलगा १९३७ साली पुण्यात शिकवायला आला. साठीच्या उंबरठ्यावर, १९७९ साली, स्कूटरच्या अपघातात खांदा आणि पाठ दुखावली, तेव्हा त्यांना स्वतःच्याच आसनांकडे जवळजवळ पहिल्यापासून परतावं लागलं. म्हणजे हे आधार दुखणाऱ्या शरीरानेही घडवलेले आहेत. ते काढून टाकले आणि नुसता 'कणा सरळ' हा हुकूम ठेवला, की मग भाचा म्हणतो तेच उरतं.

भाचा: आता माझी खरी शंका. शरीराकडे लक्ष द्या म्हणतेस. माझे कितीतरी पेशंट शरीराकडेच लक्ष देऊन बसलेले असतात. आज किती दुखतं, काल किती होतं, डावीकडे मुंग्या आल्या का. लक्ष देऊन देऊन दुखणं वाढवतात. त्यांना मी आणखी लक्ष द्या कसं सांगू?

मावशी: इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात मला हेच वाटलं होतं. पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेक जागा. कंबरेपाशी आले की पळून जावंसं वाटायचं. सांगितलं होतं, पळू नका आणि ढकलूही नका. तिथे काय आहे ते बघा. बघत गेले तर ज्याला मी 'दुखणं' म्हणत होते ते एक नव्हतंच. एक गरम जागा, एक ओढ, एक ठुसठुस, आणि यांच्याभोवती केवढं तरी घाबरणं. ओढ वाढायची आणि जायची. घाबरणं आधी गेलं.

भाचा: ही विपश्यना शिकवणारे गोयंका स्वतः डोकेदुखीमुळेच तिकडे वळले होते ना?

मावशी: अर्धशिशीने. ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेले, मोठे व्यापारी. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायची पाळी आली होती. युरोप, अमेरिका, जपानचे डॉक्टर झाले. मग १९५५ साली विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी नकारच दिला. नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका म्हणाले. मला ते फार आवडतं. १९७६ साली इगतपुरीला त्यांचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं, पण दुखणं बरं करून देतो अशी जाहिरात तिथे कधी नव्हती.

भाचा: शरीराकडे असं बघण्याची रीत अमेरिकेत रुग्णालयातही पोचली. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. इतर उपचार संपलेले जुनाट दुखण्याचे रुग्ण तिथे पाठवत. आडवं पडून अंगभर लक्ष फिरवायचं, थोडा योग, थोडं बसणं. २०१६ साली त्याची ३४२ कंबरदुखीच्या रुग्णांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनी त्या वर्गातल्या ६० टक्के लोकांचं रोजचं काम लक्षात येण्याइतकं सोपं झालं. नेहमीच्या उपचारात ४४ टक्क्यांचं. पण विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार ज्यांना दिला, त्यांतही ५८ टक्के सुधारले. म्हणजे श्वासातच काही अद्भुत आहे असं नाही. भीती कमी करणाऱ्या अनेक वाटा आहेत.

मावशी: असतील. पण तसा मानसोपचार देणारा आमच्या सिन्नरला, निफाडला शोधून दाखव. आणि 'तुझं दुखणं मनाचं आहे' असं सुनेला कुणी म्हटलं तर काय होतं घरात, ठाऊक आहे ना? श्वास घ्यायला सांगितला तर कुणाचा अपमान होत नाही.

भाचा: मनाचं आहे असं मी कधीच म्हणत नाही. वेदना मेंदूत तयार होते, सगळ्यांचीच. मोडलेल्या हाडाचीसुद्धा. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं की पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांना जणू फाटक असतं आणि ते वरून मेंदूही उघड-बंद करतो. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की सतत संदेश येत राहिले की कण्यातल्या पेशीच हळव्या होतात. एकदा चोर येऊन गेल्यावर वाड्यावरचा कुत्रा दूधवाल्यावरही भुंकतो, तसं. भुंकणं खरं असतं. चोर मात्र असतोच असं नाही. पण कधी कधी चोर असतो, मावशी. तिथेच मला तुझ्या लोकांचा राग येतो.

मावशी: कुणाचा राग?

भाचा: एक मुलगी आली होती, पंचविशीची. पाठ दुखते म्हणून कुठल्याशा शिबिरात श्वासाचे व्यायाम देत होते तिला, आणि ढब सुधारा म्हणत होते. रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं, रात्री दुखण्याने जाग. मणक्याचा क्षय होता. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय लुळे पडले असते. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, पायातली ताकद कमी होत जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेभोवती बधिरपणा, मोठी पडझड. यांतलं एक जरी असेल तर सतरंजी गुंडाळा आणि दवाखाना गाठा. ताबा जाणं आणि बधिरपणा असेल तर त्याच दिवशी, कारण तिथे शस्त्रक्रियेला उशीर चालत नाही.

मावशी: हे मी आमच्या वर्गाच्या दारावर लिहून लावते. खरंच लावते.

भाचा: आणि दुसरी गोष्ट. तुला पेन्शन आहे, दुपारी आडवं व्हायला वेळ आहे. ऊसतोडीच्या फडावर बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. पहाटेपासून. तिला मी श्वासाकडे लक्ष द्या सांगू? तिला ओझं कमी हवं, सुट्टी हवी, मजुरी हवी.

मावशी: ते सगळं हवंच. पण तिलाही रात्री अंग सोडता यायला हवं की नको? आमच्या वर्गात कांद्याच्या खळ्यावर काम करणाऱ्या दोघी येतात. पैसे घेत नाहीत त्यांच्याकडून. त्यांतली एक म्हणाली, दिवसभरात पाठ टेकते ती इथेच.

या वादात मी कुणाला जिंकवणार नाही, पण माझा कौल लपवणारही नाही. श्वास, ढब आणि शरीराचं भान यांनी मणका नवा होत नाही. त्यांनी माणसाचा आपल्या शरीरावरचा विश्वास परत येतो, आणि जुनाट दुखण्यात गमावलेला असतो तो मुख्यतः हाच. म्हणून 'मणका म्हातारा झालाय' म्हणणारा डॉक्टर आणि 'तुमची ढबच चुकीची, म्हणून हे भोगताय' म्हणणारा योगशिक्षक, दोघेही एकच नुकसान करतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग, ताई ची, सजगतेचा सराव, स्नायू सैल सोडण्याचा सराव असे उपाय सुचवले. आपल्याकडे तर सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ पासूनची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासूनचं. शिकवणारे आहेत, जागा आहेत. दवाखाना आणि वर्ग यांच्यात बोलणं नाही.

तुमचं दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल तर आधी नीट तपासून घ्या. भाच्याने सांगितलेल्या खुणांपैकी काही नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट ऐका. मग ज्या शिक्षकाकडे जाल त्याने पहिल्याच दिवशी वाकवायला-पिळायला घेतलं तर निघून या. पहिले काही दिवस खुर्चीवर पोटऱ्या ठेवून पडण्यात गेले तरी ते वाया जात नाहीत. वाढवायचं ते थोडं थोडं, आणि दुखलं म्हणजे मोडलं असं समजून थांबायचं नाही. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. मधले वाईट आठवडे येतातच.

आणि एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की घाबरून घरी येण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: माझ्याच वयाच्या, कंबर न दुखणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात यातलं काय काय दिसलं असतं?